५२ सीसी ग्रासकटर गवतात घातला की बसतो: सायलेन्सरमधला कार्बन की सिलिंडर गेला?

काजूबाग_लांजा

मशीन: ५२ सीसी टू-स्ट्रोक ब्रश कटर, साइडपॅक, साधं चिनी बनावटीचं. तिसरा पावसाळा चालू आहे. काम म्हणजे आंबा-काजूच्या बागेतली साफसफाई आणि बांधावरचा झाडोरा.

लक्षणं अशी. थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होतं. आयडलला व्यवस्थित उभं राहतं. थ्रॉटल पूर्ण दाबला की आवाज अर्ध्यापर्यंत चढतो आणि तिथेच अडकतो. पातं ओल्या गवतात घातलं की मशीन गुदमरल्यासारखं बसतं. पंधरा-वीस मिनिटांत सिलिंडरच्या बाजूने जळका वास येतो. सायलेन्सरच्या तोंडातून काळं चिकट तेल गळतं, सदऱ्यावर शिंतोडे उडतात. आता नवीन प्रकार म्हणजे स्विच बंद केल्यावरही कधीकधी दोन-चार ठोके जास्त मारतं.

आतापर्यंत एअर फिल्टर धुतला, प्लग नवा टाकला, टाकीतला पेट्रोल फिल्टर बदलला. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर 'सेट' करून दिला. चार दिवस जरा बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता पिस्टन-सिलिंडरचं किट बदला म्हणतात.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल लिटरला दोन झाकणं, थोडं जास्तच पडतं, इंजिन वाचावं म्हणून. किट घेण्याआधी आणखी काय बघावं?

दोनफटके

किट घेऊ नका, थांबा. तुमच्या लक्षणांत 'आयडल छान, वर चढत नाही' हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. आयडलला इंजिनातून धूर फार थोडा जातो, तो अरुंद वाटेनेही निघतो. पूर्ण थ्रॉटलला त्याच्या कितीतरी पट निघायला हवा. वाट बुजलेली असेल तर जळलेला वायू सिलिंडरमध्येच रेंगाळतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये जुना वायू बाहेर पडल्याशिवाय ताजं मिश्रण आत शिरत नाही. फोर-स्ट्रोकसारखा धूर ढकलायला वेगळा फटका इथे नसतो. म्हणून सायलेन्सर चोंदला की टू-स्ट्रोक लगेच मरगळतो.

काही खोलायच्या आधी एक चाचणी करा, फुकट आहे. इंजिन गरम करा, थ्रॉटल पूर्ण दाबा आणि अडकलं की चोक हळूच पाव-अर्धा लावून बघा.

चोक लावल्यावर आवाज चढला तर पेट्रोल कमी पडतंय. मग कार्बोरेटरचा डायफ्राम (पेट्रोल खेचणारा पातळ पडदा), टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, इनटेकचं गास्केट तिकडे बघायचं. चोक लावल्यावर आणखी बसलं तर पेट्रोल पुरेसं आहे, उलट श्वास कोंडलाय. फिल्टर तुम्ही धुतलाय, म्हणजे उरली मागची बाजू.

स्विच बंद करूनही ठोके मारणं हेही कार्बनकडेच बोट दाखवतं. पिस्टनच्या डोक्यावरचा किंवा हेडमधला कार्बन लाल होऊन ठिणगीचं काम करतो.

काजूबाग_लांजा

चाचणी केली. चोक लावला की जास्त बसतं, जवळजवळ बंदच पडतं.

बांबूची_कामटी

मग मागून पुढे या: जाळी, सायलेन्सर, एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरचं धूर निघायचं भोक), आणि अगदी गरज पडली तरच सिलिंडर. दहापैकी बहुतेक मशीनं पहिल्या तिघांतच बरी होतात.

जाळी. सायलेन्सरच्या तोंडाशी एक-दोन स्क्रूच्या पत्र्याखाली बारीक जाळी असते, ठिणगी अडवणारी. काही स्वस्त मशीनांत ती मुळात नसतेच, तेव्हा सापडली नाही तर शोधत बसू नका. भोकं अर्ध्या-पाऊण मिमीची असतात, त्यामुळे सगळ्यात आधी तीच बुजते. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत धरा, कार्बन राख होऊन पडतो. गार झाल्यावर पितळी तारेच्या ब्रशने झाडा. उजेडात धरली की प्रत्येक भोक दिसलं पाहिजे. फाटली असेल तर नवी घ्या, किंमत किरकोळ असते.

जाळी काढलेल्या अवस्थेत मशीन मिनिटभर चालवून बघा (मोकळ्या अंगणात, वाळलेल्या पेंढ्यापासून लांब). फरक पडला तर दुखणं सापडलं. नाही पडला तर पुढे.

सायलेन्सर. पूर्ण गार होऊ द्या. बाहेरचं कव्हर काढलं की सायलेन्सर सिलिंडरला दोन लांब एम-६ बोल्टनी धरलेला दिसतो, ५ मिमीची ॲलन की लागते. बोल्ट कार्बनने जाम झालेले असतात. जोर लावून कीचं षट्कोनी तोंड गोल करू नका. आधी डोक्याच्या खाचेतला कचरा टोकदार खिळ्याने काढा, की पूर्ण खोल बसवा, बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा, कीच्या टोकावर हातोडीने एक-दोन हलके ठोके द्या आणि मग सोडवा. बोल्ट सिलिंडरच्या ॲल्युमिनियममध्ये तुटला तर दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

निघाला की तोंडातून टॉर्च मारून बघा. आतला पडदा उघडता येत नाही, वेल्डिंग असतं. त्यामुळे साफ करायचे दोनच मार्ग आहेत, जाळणं किंवा कॉस्टिक.

जाळायचा असेल तर बाहेर, दगडांच्या चुलीत लाकडाच्या निखाऱ्यावर ठेवा. आधी दाट धूर येतो, तेलकट आणि घाण वासाचा. तो थांबला की आतला कार्बन कोरडा आणि ठिसूळ झालेला असतो. आपोआप गार होऊ द्या, पाणी ओतू नका, पत्रा वेडावाकडा होतो. मग लाकडी फळीवर आपटत, फिरवत कोरडा चुरा पाडा. चुरा पडायचा थांबेपर्यंत आपटायचं, दोन-चार आपटण्यात समाधान मानायचं नाही. रंग जाईल, तो नंतर उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाने मारता येतो.

कॉस्टिकचा मार्ग जास्त साफ करतो पण जपून. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात थोडंथोडं कॉस्टिक सोडा, लिटरला साधारण १०० ग्रॅम. उलट केलंत, म्हणजे सोड्यावर पाणी ओतलंत, तर ते उकळून अंगावर उडतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, हे सांगायलाच नको. सायलेन्सर रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी भरपूर पाण्याने आतून-बाहेरून धुवा आणि चुलीजवळ पूर्ण वाळवा. फक्त लोखंडी पत्र्याचे भाग घाला. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात गेला तर तो विरघळतो, वर हायड्रोजन निघतो. म्हणून ॲल्युमिनियमचं पातेलं नको आणि जस्ताची बादलीही नको. पिस्टन, सिलिंडर, कार्बोरेटर तर त्याच्या आसपासही फिरकू देऊ नका.

एक्झॉस्ट पोर्ट. लोक सायलेन्सर साफ करून परत लावतात आणि इथेच चुकतात. सायलेन्सर निघाला की सिलिंडरला जे आयताकृती भोक दिसतं त्याच्या कडांवर कार्बनचा थर असतो, कधीकधी तीन-चार मिमी जाड. भोक आधीच लहान, चारही बाजूंनी इतकं बुजलं तर उरलं काय?

प्लग काढा. दोरी हळूहळू ओढत पिस्टन सगळ्यात वरच्या ठिकाणी आणा. तेव्हा पिस्टनचा स्कर्ट (खालची बाजू) पोर्ट आतून झाकतो, त्यामुळे खरवडलेला चुरा सिलिंडरमध्ये जात नाही. पिस्टनच्या आणि पोर्टच्या फटीत बोटाने थोडं ग्रीस लावा, बारीक चुरा त्यालाच चिकटतो. मशीन असं कलतं धरा की पोर्ट खाली तोंड करून राहील.

खरवडायला बांबूची कामटी तासून घ्या, किंवा कठीण प्लॅस्टिकची पट्टी. स्क्रू ड्रायव्हर नको, पोलादी पातं नको. या सिलिंडरचं आतलं अंग ॲल्युमिनियमचं, त्यावर क्रोमचा पातळ मुलामा. पोर्टच्या कडेला मुलाम्याचा टवका उडाला की पिस्टनची रिंग दर फेऱ्याला तिथे अडखळते, आणि मग खरंच किट लागतं. थर फार कठीण असेल तर कार्बोरेटर क्लीनर किंवा डिझेल चिंधीला लावून ती चिंधी पोर्टमध्ये तासभर कोंबून ठेवा, मऊ पडतो.

झाल्यावर ग्रीस चिंधीने पुसून घ्या. पिस्टन खाली आणून पोर्टमधून हवेची फुंकर मारा, प्लगच्या भोकातूनही. प्लग न लावता दोरी आठ-दहा वेळा ओढा.

आता त्याच भोकातून टॉर्च मारून पिस्टनची बाजू बघा. तुमच्या किटच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. गुळगुळीत, करड्या रंगाची, फार तर फिकट तपकिरी डाग असलेली असेल तर सिलिंडर शाबूत. उभे खोल ओरखडे असतील, बोटाच्या नखाला लागतील असे, तर पिस्टन चिकटून सुटलेला आहे. कामटीने रिंग पोर्टमधून हलकेच दाबा, आत जाऊन परत बाहेर आली पाहिजे. जागची हलत नसेल तर खोबणीत कार्बनने चिकटली आहे.

परत लावताना गास्केट नवं. सिलिकॉन लावू नका, तिथे जळून जातं आणि फुटका पोपडा पोर्टकडे जातो. बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास, दोन्ही आलटून पालटून. पहिल्यांदा गरम होऊन गार झाल्यावर पुन्हा एकदा कसा, कारण ढिला सायलेन्सर हादऱ्याने सिलिंडरचे आटे खातो.

सागरी_मेकॅनिक

वरचं सगळं बरोबर. रिंग चिकटलेली निघाली तरच सिलिंडर उतरवा. खाली चार एम-५ बोल्ट असतात, ४ मिमीची ॲलन की. सिलिंडर सरळ वर ओढा, गोल फिरवू नका. रिंगचं तोंड खोबणीतल्या छोट्या पिनवर बसलेलं असतं, फिरवलं तर ते पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते. पिस्टन बाहेर येताच क्रँककेसचं (पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीचं) तोंड चिंधीने बंद करा.

चिकटलेली रिंग ओढून काढू नका. पिस्टनचं डोकं रात्रभर कार्बोरेटर क्लीनर किंवा डिझेल-रॉकेल मिश्रणात भिजू द्या. मग रिंग सुटते. खोबणी साफ करायला जुन्या तुटलेल्या रिंगचा तुकडा सगळ्यात चांगला, कारण त्याची जाडी खोबणीच्या मापाचीच असते. खोबणीचा तळ साफ व्हायला हवा पण ॲल्युमिनियम खरडलं जाता कामा नये. पिस्टनच्या स्कर्टला पॉलिश पेपर लावायचा मोह आवरा.

रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट फीलर गेजने मोजा. ४४ मिमीच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) नव्या रिंगची ०.२ ते ०.३ मिमीच्या आसपास असते. ०.६ च्या वर गेली की रिंग बदला. पिस्टन पिन काढली असेल तर तिचे सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) नवे घाला, जुने उडाले तर सिलिंडर संपला. बेस गास्केटही नवं.

कॉम्प्रेशन गेज कुणाकडे मिळालं तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पाच-सहा जोरदार ओढी. १०० पीएसआयच्या वर असेल तर किटचा विषय सोडा. ८०-९० च्या खाली असेल तर आधी रिंग, मग सिलिंडर. गेज नसेल तर प्लग लावलेलं मशीन दोरीच्या मुठीने उचलून धरा. थोडा वेळ लटकून मग ठोक्याठोक्याने खाली आलं तर दम आहे. सरसर खाली आलं तर नाही.

पाटपाणी

इतकं खोलण्यापेक्षा चालू इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये पाण्याची बारीक धार सोडली की कार्बन वाफेने सुटतो, असं व्हिडिओत दाखवतात. कुणी केलंय का?

सागरी_मेकॅनिक

टू-स्ट्रोकला नको. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस वेगळी असते. इथे कार्बोरेटरमधून आत गेलेलं सगळं आधी क्रँककेसमधून, क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवरून जातं, आणि त्या बेअरिंगना तेल मिळतं ते फक्त पेट्रोलमधून. पाण्याने ते धुतलं की बेअरिंग कोरडी पडते, नंतर गंजते. शिवाय सिलिंडरमधून सुटलेला कठीण तुकडा पोर्टच्या कडेला पिस्टनखाली सापडला की क्रोमला ओरखडा ठरलेला. पेट्रोलमध्ये टाकायची क्लीनरं थोडाफार थर मऊ करतात, पण पोर्ट बुजलेला असताना ती टाकणं म्हणजे सुटलेला कार्बन पुढच्या जाळीवर नेऊन बसवणं.

काजूबाग_लांजा

सायलेन्सर काढला. जाळी जवळजवळ पूर्ण बंद. पोर्टच्या वरच्या कडेला कार्बनचा गोळाच होता, खालून-वरून मिळून अर्धी वाट बुजलेली. पिस्टनला ओरखडे नाहीत, रिंग दाबली की परत येते. जाळी कायमची काढून टाकली तर चालेल का? तशीच दर वर्षी बुजणार.

वणवा_नको

पावसाळ्यात कदाचित काही होणार नाही. पण हेच मशीन जानेवारीनंतर वाळलेल्या गवतात जाणार असेल तर जाळी हवीच. सायलेन्सरमधून सुटणारा कार्बनचा कण लाल असतो, वाळल्या गवतात पडला की पेटतो. कोकणात वणव्यात काजूची कलमं जळणं काही नवीन नाही, आणि आग शेजारच्या बागेत गेली तर पुढचं विचारायलाच नको. जाळी काढण्यापेक्षा ती का बुजते ते बघा.

बांबूची_कामटी

आणि ती बुजते तुमच्या 'दोन झाकणां'मुळे. झाकण हे माप नव्हे. कुठलं ५ मिलीचं असतं, कुठलं १५. खोकल्याच्या औषधाचं माप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा.

लिटरभर पेट्रोलला तेल: ५०:१ म्हणजे २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ३०:१ म्हणजे ३३ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. मशीनच्या पुस्तिकेत जे असेल ते. चिनी ५२ सीसीवाल्या बऱ्याच पुस्तिका २५:१ सांगतात, त्या साध्या तेलाचा हिशेब धरून. चांगलं तेल असेल तर ४०:१ ला ही इंजिनं व्यवस्थित चालतात.

बाटलीवर जासो (टू-स्ट्रोक तेलाची जपानी प्रत) एफसी किंवा एफडी लिहिलेलं शोधा. धूर दोन्हींचा कमी, एफडीमध्ये कार्बन धुणारे घटक जास्त असतात. फोर-स्ट्रोकचं २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल अजिबात नाही. त्यातली द्रव्यं जळली की राख उरते, आणि तीच रिंगच्या खोबणीत आणि प्लगवर बसते.

सागरी_मेकॅनिक

किनाऱ्याकडच्या लोकांसाठी एक भर. होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ तेल घरात पडलेलं असतं म्हणून ग्रासकटरमध्ये घालतात. ते पाण्याने गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं. हवेवर गार होणाऱ्या छोट्या इंजिनाचा पिस्टन कितीतरी जास्त तापतो, तिथे ते पुरत नाही.

'जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित' यातही फट आहे. कार्बोरेटरच्या जेटमधून जाणारं मिश्रण जवळपास तेवढंच. त्यात तेल वाढलं की पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण पातळ झालं. तुम्ही एकाच वेळी कार्बनही वाढवता आणि इंजिनही गरम करता.

दोनफटके

कार्बन वाढवणारी दुसरी सवय म्हणजे मशीन खांद्यावर आयडलला घुरघुरत ठेवून गप्पा मारणं. आयडलला सिलिंडर पुरेसा तापत नाही, तेल अर्धवट जळतं आणि पोर्टला चिकटतं. काम करताना पूर्ण थ्रॉटल, थांबलं की बंद. अर्ध्या थ्रॉटलवर हळूहळू गवत कापणाऱ्यांचीच मशीनं लवकर बुजतात.

काजूबाग_लांजा

सायलेन्सर निखाऱ्यावर जाळला, पोर्ट कामटीने साफ केला, गास्केट नवं. तेल आता सिरिंजने २५ मिली. आवाज एकदम बदलला, पूर्वीपेक्षा खूप वर चढतो. इतका की जरा भीती वाटते. हे बरोबर आहे का?

बांबूची_कामटी

भीती रास्त आहे, आत्ता लोडवर चालवू नका. गॅरेजमध्ये कार्बोरेटर 'सेट' केला होता ना? सायलेन्सर बुजलेला असताना मशीन चढत नाही म्हणून तिथे एच स्क्रू (पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) आत फिरवतात, म्हणजे पेट्रोल कमी करतात. बुजलेल्या वाटेला ते जेमतेम जमत होतं. आता वाट मोकळी झाली, हवा जास्त खेचली जाते, पण पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ झालं. असा किंचाळणारा आवाज म्हणजे पिस्टन चिकटायच्या आधीची खूण. कार्बन काढल्यावर आठवड्याभरात सीज झालेली (पिस्टन चिकटलेली) बरीच मशीनं यानेच जातात आणि दोष मात्र कार्बन काढण्यावर येतो.

एच स्क्रू असलेला कार्बोरेटर असेल तर तो हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत आत न्या (कसू नका, सुई खराब होते), मग सव्वा फेरा बाहेर. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो. इंजिन पाच मिनिटं गरम करा. पातं किंवा दोरीचं हेड लावलेलं असू द्या, त्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका. पूर्ण थ्रॉटलला, गवताबाहेर, आवाज किंचित फाटका, घरघरता यायला हवा. गवतात घातल्यावर तोच आवाज स्वच्छ आणि एकसुरी झाला पाहिजे. बाहेरही स्वच्छ किंचाळत असेल तर स्क्रू फेऱ्याचा आठवा भाग आणखी बाहेर. गवतातही घरघर राहिली तर आठवा भाग आत.

मग दहा मिनिटं काम करून, पूर्ण थ्रॉटलवरूनच स्विच बंद करा आणि गार झाल्यावर प्लग काढून बघा. तपकिरी, चहाच्या रंगाचा हवा. पांढरट निघाला तर पेट्रोल अजून कमी आहे, काळा ओला निघाला तर जास्त.

काजूबाग_लांजा

एच स्क्रू फक्त अर्धा फेरा उघडा निघाला. सव्वावर आणला. बाहेर घरघर, गवतात स्वच्छ. प्लग तपकिरी.

बांबूची_कामटी

बरोबर. दहा तास काम झाल्यावर सायलेन्सरचे बोल्ट परत कसा आणि जाळी एकदा उजेडात धरून बघा. तेव्हा ती मोकळी असेल तर पुढे दर ५० तासांनी जाळी आणि सीझन संपल्यावर पोर्ट, एवढं पुरे. मशीन ठेवताना टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल इंजिन बंद पडेपर्यंत जाळा. इथेनॉलचं पेट्रोल आपल्या दमट हवेत ओलावा ओढतं, आणि पुढच्या जूनमध्ये डायफ्राम कडक झालेला मिळतो. तेव्हा चोकची चाचणी उलट उत्तर देईल.